भाजलेल्या जवसात काय उरतं?

प्रश्न : माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं. आमच्याकडे बाराही महिने जवसाची चटणी असायची. आई लोखंडी कढईत जवस खमंग भाजायची आणि लसूण-तिखट घालून खलबत्त्यात कुटायची. मला पुण्यात येऊन पस्तीस वर्षं झाली, तरी मी तशीच करते. आता मुलगी फोनवर सांगते, ‘आई, भाजू नकोस, भाजलं की ओमेगा-थ्री जळून जातं. कच्चंच खा.’ भाचा व्यायामशाळेत जातो, तो म्हणतो, बिया कशाला, तेलच पी. आमच्या ह्यांना बीपी आहे, कोलेस्टेरॉलही थोडं वाढलंय. ते रोज सकाळी चमचाभर अख्खं जवस पाण्याबरोबर गिळतात. एका घरात चार तऱ्हा झाल्या आहेत. इतकी वर्षं आईने जवस भाजून त्यातलं औषध जाळून टाकलं का?
— एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : नाही ताई. आईने काहीही जाळलं नाही. तुमच्या घरातल्या तऱ्हांपैकी जवसाचा गुण सगळ्यात जास्त अंगी लागू देणारी तऱ्हा तिचीच आहे. सगळ्यात कमी उपयोगाची आहे ती तुमच्या यजमानांची. असं का, हे कळायला आपल्याला त्या दाण्यात शिरावं लागेल.

तुमचं पत्र आलं त्या रात्री मी काचेच्या वाटीत चमचाभर जवस भिजत घातलं. सकाळी पाहिलं तर पाणी दाट झालं होतं. चमचा वर उचलला की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबत होती. प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत आवरण चढलं होतं. हा चीक जवसाच्या सालीत असतो. पाणी शोषून तो फुगतो, आतड्यातला मळ मऊ करतो आणि पुढे सरकायला मदत करतो. म्हणून बद्धकोष्ठावर भिजवलेलं जवस द्यायची जुनी रीत खरी आहे. पण त्या चिकातला दाणा मात्र होता तसाच होता, तपकिरी, चकचकीत, एका बाजूला टोकदार. बारा तास पाण्यात राहून एकही फुटला नव्हता. चिमटीत धरून दाबायला गेले तर निसटून टेबलावर गेला.

पोटातही त्याचं हेच होतं. जवसाची साल इतकी चिवट की चावून फोडली नाही तर पाचकरस आतपर्यंत पोचत नाहीत. दाणा इतका लहान आणि गुळगुळीत की तो दाताखाली सापडतच नाही. यजमान चमचाभर जवस गिळतात त्यातलं पुष्कळसं जसंच्या तसं बाहेर पडतं. पोट साफ व्हायला त्याचा उपयोग होत असेल, आणि त्यासाठीच ते घेत असतील तर हरकत नाही, फक्त वर भरपूर पाणी प्यायला हवं. पण रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल मनात धरून घेत असतील, तर जे पोटात जायला हवं ते सालीच्या आतच बंद राहतं. दाणा फुटायलाच हवा. खलबत्त्याने फुटो, मिक्सरने फुटो किंवा पाट्यावर फुटो.

आता आत काय आहे ते पाहू. १०० ग्रॅम जवसात साधारण ४२ ग्रॅम तेल, १८ ग्रॅम प्रथिनं आणि २७ ग्रॅम तंतू असतात. या तेलातला निम्म्याहून जास्त भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा. मुलगी ज्याला ओमेगा-थ्री म्हणते ते हेच. रोजच्या शाकाहारी जेवणात हे आम्ल फारच कमी मिळतं. शेंगदाण्याच्या, सूर्यफुलाच्या तेलात ते जवळजवळ नसतंच. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने रोजची पुरेशी मात्रा म्हणून पुरुषांसाठी १.६ ग्रॅम आणि बायकांसाठी १.१ ग्रॅम सांगितली आहे. एक मोठा चमचा जवसाची पूड, म्हणजे साधारण सात ग्रॅम, घेतली तर त्यातून सुमारे दीड ग्रॅम मिळतं. दोन भाकऱ्यांबरोबर आपण जेवढी चटणी सहज खातो, तेवढ्यात बाईमाणसाची दिवसाची गरज भागते.

मुलीची शंका मात्र निराधार नाही, तिला नीट उत्तर द्यायला हवं. हे आम्ल खरंच नाजूक आहे. त्याच्या साखळीत तीन ठिकाणी दुहेरी बंध असतात आणि हवेतला ऑक्सिजन नेमका त्या जागी येऊन बसतो. जवसाच्या तेलाचा पातळ थर काचेवर पसरून ठेवला तर काही दिवसांत तो सुकून कडक पापुद्रा होतो. तीळतेल किंवा शेंगदाण्याचं तेल असं सुकत नाही. याच गुणामुळे हे तेल शतकानुशतकं रंगात पडलं. युरोपातली जुनी तैलचित्रं याच तेलात कालवलेल्या रंगांची आहेत. खिडकीच्या तावदानाला रंगारी जी लांबी लावायचे ती खडूची पूड आणि अळशीचं तेल मळून केलेली. नव्या बॅटला मुलं जे तेल चोळत बसतात तेही हेच. रंगाऱ्याला जो गुण हवा, तो स्वयंपाकघरात दोष ठरतो. तेल उघडं राहिलं, उन्हात राहिलं, कढईत तापलं, की ते खवट होतं, कडू लागतं आणि त्यातलं ओमेगा-थ्री मोडतं.

पण हे सगळं झालं बाहेर काढलेल्या तेलाबद्दल. दाण्यातलं तेल सालीच्या आत बंद असतं आणि त्याच्या सोबतीला तेल बिघडू न देणारे नैसर्गिक पदार्थही असतात. आई भाजायची तो अख्खा दाणा. मंद आचेवर चार-पाच मिनिटं, तडतडेपर्यंत. त्या वेळात ऑक्सिजनला आत शिरायला वाटच नसते. अख्खं किंवा दळलेलं जवस पाव-बिस्किटाच्या भट्टीइतक्या उष्णतेत ठेवून तपासलं, तेव्हाही त्यातलं हे आम्ल जवळजवळ तेवढंच शिल्लक राहिल्याचं दिसलं आहे. काळं पडेपर्यंत भाजलं तर गोष्ट वेगळी, पण तसं जवस चवीलाच कडू लागतं आणि आपणच ते टाकून देतो.

याहून चांगला पुरावा मात्र एका दवाखान्यातला आहे, आणि तुमच्या यजमानांच्या बीपीचा प्रश्नही त्यातच येतो. कॅनडातल्या विनिपेग शहरातल्या सेंट बोनिफेस हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांवर एक प्रयोग केला आणि २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला. निम्म्यांना रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पदार्थांतून गव्हाचा कोंडा. कोणाला काय मिळतंय हे ना रुग्णांना माहीत होतं ना तपासणाऱ्यांना. सहा महिन्यांनी दोन्ही गट ताडून पाहिले, तेव्हा जवस खाणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सुमारे १० अंकांनी आणि खालचा सुमारे ७ अंकांनी कमी भरला. मुळात ज्यांचा वरचा दाब १४० किंवा त्याहून जास्त होता त्यांच्यात उतार १५ अंकांपर्यंत होता. अन्नातल्या एका पदार्थाने एवढा फरक पडणं ही मोठीच गोष्ट. आणि ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. ते जवस त्यांनी कच्चं दिलं नव्हतं. पाव, मफिन, बिस्किटं, पास्ता यांत घालून दिलं होतं. भट्टीतून भाजून निघालेलं जवस खाऊनही रुग्णांच्या रक्तात हे आम्ल वाढलेलं आढळलं. तुमच्या कढईतली पाच मिनिटं त्या भट्टीपुढे काहीच नाहीत.

हा आकडा वाचून यजमान गोळी बंद करायचा विचार करतील, म्हणून लगेच सांगते. तो प्रयोग आजारी, वयस्क आणि रक्तवाहिन्या खराब झालेल्या माणसांवर झाला होता, आणि त्यांतले बरेच जण आपापल्या गोळ्या घेतच होते. पुढे वेगवेगळ्या देशांतले असे अनेक प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा सरासरी उतार दोन-तीन अंकांचाच भरला. शिवाय ३० ग्रॅम म्हणजे चार मोठे चमचे पूड, आणि रोज, सहा महिने. त्यातून १६० उष्मांक पोटात जातात. तेवढं दुसरं काही कमी केलं नाही तर वजन वाढेल. माझ्या शेजारच्या काकांनी एक फॉरवर्ड वाचून गोळी सोडली आणि जवस धरलं. दीड महिन्याने ते चक्कर येऊन पडल्यामुळे त्यांना रात्री दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा दाब १९० वर होता. त्या रात्री काकूंचा चेहरा मी पाहिला आहे, म्हणून हे इतक्या कळकळीने लिहिते. गोळी चालू राहू द्या, चटणी चालू राहू द्या. घरी मोजत राहा. दाब खरंच उतरला तर गोळीची मात्रा कमी करायची की नाही ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

कोलेस्टेरॉलचं गणितही असंच आहे. २००९ मध्ये २८ चाचण्या एकत्र करून जो आढावा निघाला, त्यात अख्ख्या दाण्याच्या पुडीने एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, साधारण सहा अंकांनी कमी झालेलं दिसलं. परिणाम बायकांमध्ये, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांमध्ये जास्त होता. मूळ आकडा जितका चढलेला, तितका उतारही जास्त. चांगलं कोलेस्टेरॉल मात्र वाढलं नाही आणि ट्रायग्लिसराइड्सही हलले नाहीत. आणि भाच्याला ही ओळ वाचून दाखवा : नुसतं तेल घेणाऱ्यांच्या कोलेस्टेरॉलमध्ये काहीच फरक पडला नाही. कारण कोलेस्टेरॉल उतरवण्याचं काम मुख्यतः सालीतला तो बुळबुळीत चीक आणि तंतू करतात. पित्तातली आम्लं चिकात अडकून मळावाटे बाहेर जातात, आणि नवं पित्त तयार करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. घाण्यातून तेल काढलं की हा भाग पेंडीत राहतो आणि गुरांच्या वाट्याला जातो. रक्तातली साखर थोडी आवरायलाही हाच भाग उपयोगी पडतो.

भाच्याला आणखी एक सांगायला हवं. जवसातलं ओमेगा-थ्री आणि माशातलं ओमेगा-थ्री एकच नव्हे. मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला लागतं ते डीएचए. जवसातल्या आम्लापासून शरीर ते स्वतः बनवू शकतं, पण फारच थोडं, शंभरात एक भागसुद्धा नाही. ईपीए नावाचं दुसरं एक आम्ल त्यापेक्षा जरा बरं बनतं, तरी तेही शंभरात पाच-दहा भागांपलीकडे नाही. आठवड्यातून दोनदा ज्यांच्या घरी बांगडा किंवा तारली शिजते, त्यांना हे तयारच मिळतं. शाकाहारी माणसाने जवस जरूर खावं, पण ते माशाच्या तेलाची जागा पूर्ण भरून काढतं असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही.

तुमच्या पत्रात नाही, पण तुमच्या वयाच्या बऱ्याच जणी विचारतात म्हणून एका गोष्टीवर लिहिते. पाळी जाताना अंगातून वाफा येतात, भर थंडीत घाम फुटतो, झोप उडते. त्यावर जवस घ्या असं सर्रास सांगितलं जातं. त्यामागे एक खरं कारण आहे. जवसात लिग्नन नावाचे पदार्थ इतर कुठल्याही रोजच्या अन्नापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतात. आतड्यातले जीवाणू त्यांचं रूपांतर अशा द्रव्यांत करतात की ती इस्ट्रोजेनसारखं, पण फार क्षीण काम करतात. २००७ मध्ये अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला, त्यात जवस घेतल्यावर वाफांचा त्रास निम्म्यावर आला होता. बातमी जगभर पसरली. मग त्याच संशोधकांनी १८८ बायकांना दोन गटांत वाटलं. एका गटाला जवसाची वडी, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनजवसाची वडी, सहा आठवडे. दोन्ही गटांत साधारण एकतृतीयांश जणींचा त्रास निम्म्याने कमी झाला. जवस नसलेल्या वडीनेही तेवढाच! म्हणजे पहिल्या वेळी जो फरक दिसला तो जवसाचा नव्हता. आपल्याच आशादायक निष्कर्षाची अशी पुन्हा परीक्षा घेऊन तो चुकला असं छापणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. तेव्हा वाफांसाठी जवस खाऊन पाहायला हरकत नाही, पण त्रास सोसत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

आता स्वयंपाकघरात येऊ. तुमची चटणी बदलायची काहीच गरज नाही. भाजताना आच मंद ठेवा आणि कढईवर अर्धवट झाकण ठेवा. पहिले दाणे उडायला लागले की हात थांबवू नका, आणि तडतड ओसरायच्या आत कढई उतरवा. तापल्या लोखंडात जवस पुढेही भाजत राहतं, म्हणून लगेच ताटात काढा. पूर्ण गार झाल्यावरच कुटा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. मिक्सर वापरत असाल तर एकसारखा फिरवू नका, थांबून थांबून फिरवा. लसूण शेवटी घाला. आमच्याकडे भाकरीवर चटणी घेऊन मधे खळगा करायचे आणि त्यात कच्चं तेल सोडायचे. विदर्भातल्या जुन्या घरांत ते तेलही जवसाचंच असायचं, घाण्यावरून आणलेलं, उग्र वासाचं. ज्यांना त्याची सवय आहे त्यांना दुसरं तेल पानचट वाटतं. तुम्हाला मिळालं तर असंच वरून घ्या, फोडणीत घालू नका. बाटली काळ्या काचेची आणि लहान आणा, फ्रीजमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा.

पूड करून ठेवली की लगेच वाया जाते, ही भीतीही जरा जास्तच पसरली आहे. कॅनडात दळलेलं जवस साध्या खोलीच्या तापमानाला चार महिने ठेवून तपासलं, तेव्हा त्यात फारसा बिघाड आढळला नाही. मात्र तिकडची खोली २३ अंशांची आणि आपला मे महिना ४२ अंशांचा. पंधरा दिवसांपुरती चटणी करा, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. वास घेऊन पाहा. रंगाच्या डब्यासारखा वास आला तर सरळ टाकून द्या.

रोज एक ते दोन मोठे चमचे पुरे. जवसात अगदी थोड्या प्रमाणात सायनाइड सोडणारे पदार्थ असतात. हे वाचून घाबरू नका, एवढ्या मात्रेत मोठ्या माणसाचं शरीर ते सहज निकामी करतं आणि भाजल्याने ते काही अंशी उडूनही जातात. इथेही आईचीच कढई कामाला आली. पण ‘चांगलं आहे ना’ म्हणून कच्च्या पुडीचे वाडगे खाणं शहाणपणाचं नाही, आणि लहान मुलांना कच्ची पूड देऊच नका. रक्त पातळ करायची गोळी, मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला. कोणतीही गोळी आणि जवस यांत तासा-दोन तासांचं अंतर ठेवा, कारण तो चीक गोळीलाही धरून ठेवतो. आतड्याला कुठे अडथळा आहे, घास गिळायला त्रास होतो, अशांनी जवस घेऊ नये. गरोदरपणी आणि स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू असताना, चटणीच्या चिमटीपलीकडे जायचं असेल तर आधी विचारा.

याच विषयावर आलेली आणखी काही पत्रं :

प्रश्न : जवस, अळशी, अळीव, कारळं हे सगळं एकच का? दुकानदार प्रत्येक वेळी वेगळंच देतो.

उत्तर : जवस आणि अळशी एकच. अळीव, म्हणजेच हळीव, वेगळे. ते बारीक, लालसर, बाळंतिणीच्या खिरी-लाडवांचे. तेही पाण्यात बुळबुळीत होतात आणि नावही जवळचं, म्हणून घोटाळा होतो. कारळं काळं, लांबट, त्याचीही चटणी होते, पण झाड निराळं. जव म्हणजे तर धान्य. अमरकोशात अतसी, उमा आणि क्षुमा ही जवसाची तिन्ही नावं एकत्र दिली आहेत. क्षुमेच्या धाग्याचं वस्त्र ते क्षौम. आज दुकानात लिनन म्हणून जो महागडा सदरा मिळतो तो याच झाडाच्या खोडाच्या धाग्याचा. आपल्याकडे मात्र ठेंगण्या, फांद्या फुटणाऱ्या, बियांसाठीच्या जाती पेरतात, आणि लिननचा धागा उंच, सरळ वाढणाऱ्या जातींतून काढतात.

प्रश्न : हार्डवेअरच्या दुकानात अळशीचं तेल खूप स्वस्त मिळतं. ते खाल्लं तर चालेल का?

उत्तर : नाही, मुळीच नाही. रंगकामाचं तेल लवकर सुकावं म्हणून ते उकळतात किंवा त्यात धातूंचे क्षार मिसळतात. ‘डबल बॉइल्ड’ लिहिलेला डबा स्वयंपाकघरात आणूही नका. खायचं तेल घाण्यावरचंच घ्या, किंवा खाद्यतेल म्हणून भरलेल्या बाटलीतलं. रंगकाम करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून जाऊ नका. तेल सुकताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावता पेट घेते. फेब्रुवारी १९९१ मध्ये फिलाडेल्फियातल्या ३८ मजली वन मेरिडियन प्लाझा इमारतीला अशाच चिंध्यांनी आग लागली आणि तीन अग्निशामक जवान गेले. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

प्रश्न : जवसाचं तेल आणि पनीर खाऊन कर्करोग बरा होतो, असा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर आला आहे. माझ्या बहिणीचे उपचार चालू आहेत. काय करावं?

उत्तर : हा आहार योहाना बुडविग या जर्मन बाईंनी १९५० च्या दशकात सुचवला. त्याला सत्तर वर्षं होऊन गेली. त्याने कर्करोग बरा झाल्याचं दाखवणारी एकही नीट केलेली वैद्यकीय चाचणी नाही. ताईंचे चालू उपचार या व्हिडिओसाठी एक दिवसही थांबवू नका. त्यांना चटणीची चव आवडत असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून घासाला लावा, चार घास जास्त जातील.

प्रश्न : गळवावर अळशीचं पोटीस बांधायचे, त्यात काही तथ्य आहे?

उत्तर : आहे. लहानपणी माझ्या गुडघ्याला गळू झालं होतं, तेव्हा आजीने जवसाची पूड गरम पाण्यात शिजवून, फडक्यात घालून बांधली होती. आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहिली, मग माझ्या गुडघ्यावर. तो लगदा चिकामुळे आणि तेलामुळे बराच वेळ उष्णता धरून ठेवतो. ओल्या शेकाने तिथला रक्तपुरवठा वाढतो, कातडी मऊ होते, ठणका कमी होतो आणि गळू लवकर पिकतं. आयुर्वेदात अतसी उष्ण, स्निग्ध, पचायला जड आणि वात कमी करणारी मानली आहे, आणि असा लेप बांधण्याला उपनाह म्हणतात. मात्र मधुमेही माणसाच्या पायावर बांधू नका. बधिर कातडीला चटका कळत नाही. गळू चेहऱ्यावर असेल किंवा ताप आला असेल तर पोटीस न करता दवाखान्यात जा.

प्रश्न : मी सातवीत आहे. आजोबा म्हणतात त्यांच्या शेतात हरभऱ्यात जवसाच्या ओळी असायच्या आणि शेत निळं दिसायचं. आता कुठेच दिसत नाही. मला कुंडीत लावता येईल का?

उत्तर : नक्की येईल. आजोबांचं खरं आहे. विदर्भात हरभऱ्यात, गव्हात जवसाच्या ओळी असायच्या, आणि भंडारा-गोंदियाकडे धान कापायच्या आधीच उभ्या पिकात ओल्या जमिनीवर जवस फोकून द्यायचे. पुढे सोयाबीन आलं, पाणी आलं, बाजार बदलला आणि जवस मागे पडलं. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्याच्या वाणांवर अजून काम चालतं. तू दिवाळीच्या सुमारास वाण्याकडचं न भाजलेलं जवस आण. खोलगट कुंडीत माती-वाळू भर, बोटाच्या अर्ध्या पेराइतकं खोल बी टाक आणि कुंडी पूर्ण उन्हात ठेव. पाणी बेतानेच घाल. आठवड्यात हिरवी सुईसारखी रोपं दिसतील आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांत कळ्या येतील. फुलाला पाच पाकळ्या, आकाशी निळ्या, त्यांवर गडद रेघा. पाकळ्या गळल्या की मागे मण्याएवढं बोंड धरतं. ते वाळल्यावर फोडून मोज, आत पाच कप्पे आणि प्रत्येकात दोन, असे दहापर्यंत दाणे निघतील. पण फूल बघायचं असेल तर रविवारी लवकर ऊठ. ते उन्हाबरोबर उमलतं आणि दुपारपर्यंत गळतं, शाळेतून येईपर्यंत कुंडीतल्या मातीवर फक्त निळ्या पाकळ्या पडलेल्या असतील.